ठेव, मोड आणि टूथपेस्ट

चांदी घासायला टूथपेस्टसारखी वस्तू नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पांढरी, साधी, स्वस्तातली. ती निळी जेलवाली नव्हे. जुना ब्रश घ्यायचा, दोन थेंब पाणी घालायचं आणि घासत सुटायचं. माझी आई असंच करायची, मीही असंच करते. गेल्या दिवाळीच्या आधी एका शनिवारी सकाळी, तोक्योच्या कोतो वॉर्डातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये, मी सासूबाईंचे सत्तावीस चांदीचे रुपये असेच घासून लखलखीत केले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझी जी अवस्था झाली, ती वैऱ्याचीही होऊ नये.

पण आधी ताटाचं सांगायला हवं, कारण सगळं त्या ताटापासून सुरू झालं.

आम्ही पंधरा वर्षं इथे आहोत. नवरा आणि मी दोघंही तोयोसु भागातल्या ऑफिसांत. तो प्रोग्रॅम लिहितो आणि मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. घरी आल्यावरही माझं तेच काम चालू असतं, असं त्याचं म्हणणं. तर आमच्या घरी पाडव्याला ओवाळायला एक काळं ताट होतं. काळंभोर, त्यावर सोनेरी फुलं. पार्सल आणलेल्या सुशीबरोबर आलेलं प्लास्टिकचं ताट ते, पण इतकं देखणं, की कचऱ्यात टाकवेना. धुऊन ठेवलं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं त्यात ऐटीत बसायचं. परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या पाडव्याला पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. म्हणाल्या, "तबक छान आहे गं. कुठलं?" मी तोंड उघडायच्या आत आमची लेक, तेव्हा दहा वर्षांची, अभिमानाने ओरडली, "सुशीचं!"

मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे... माशाचं?"

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. सासूबाई बोलल्या तर मला काही वाटत नाही, मीही बोलते, फिटंफाट होते. त्या गप्प बसल्या की मात्र मी घरभर फडकं मारत सुटते. वर्षभर त्या गप्प राहिल्या आणि वर्षाने तीन महिन्यांसाठी इकडे आल्या, त्या परकराच्या चोरखिशात एक थैली घेऊन. मुंबईच्या विमानतळावर तपासणाऱ्या बाईने विचारलं, हे काय आहे, तर म्हणे "देवाचे रुपये आहेत." बाईने नमस्कार करून सोडलं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती थैली जेवणाच्या टेबलावर उपडी केली. मुकुट घातलेल्या राजाचे सत्तावीस रुपये. काळेकुट्ट.

"हे मोडा," त्या म्हणाल्या, "आणि घरात एक चांदीचं तबक आणा. माशाच्या ताटात माझ्या मुलाला ओवाळलेलं मी दुसऱ्यांदा बघणार नाही."

लेकीला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की जपानी येतं. तिने घाबरून विचारलं, "कोवासु नो?" म्हणजे, तोडून टाकायचे?

तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, अगं, आपल्यात सोनं-चांदी विकत नाहीत, मोडतात. पाटल्या मोडतात, साखळी मोडतात. 'विकली' म्हणायला जीभ रेटत नाही. ती म्हणाली, मग पुण्याचा रिक्षावाला 'मोड नाही' म्हणतो ते? म्हटलं, ते सुट्टे पैसे. मग आजी मटकीला मोड आणते ते? म्हटलं, ते वेगळे. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की ही भाषा एकदा टेस्टिंगला पाठवायला हवी, असं मलाच वाटलं.

इकडे नवऱ्याच्या अंगात आलं. दोन दिवस इंटरनेट वाचून त्याने जाहीर केलं, की सगळे रुपये सरसकट मोडणं हा गाढवपणा आहे. काही सालांचे रुपये दुर्मीळ असतात, जमवणारे लोक त्यासाठी जीव टाकतात. ते ठेवायचे. युद्धाच्या काळातल्या रुपयांत चांदीच कमी, ते बिनदिक्कत मोडायचे. त्याने तीन डबे मांडले आणि त्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या: 'ठेव', 'मोड' आणि 'माहीत नाही'. आमच्या बिल्डिंगमध्ये कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत हा माणूस म्हणजे शेवटचा शब्द. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी, प्रत्येकाचा उचलायचा वार वेगळा. रुपयांनाही तोच नियम. लेक त्याच्या शेजारी बसून विचारत होती, चांदी कुठल्या वारी उचलतात?

सासूबाई चष्म्यावरून बघत होत्या. "अरे, रुपये आहेत की कचरा?" त्या म्हणाल्या. पण अडवलं नाही. मुलगा काहीतरी मन लावून करतोय, एवढंच त्यांना पुरतं.

चार स्टेशनं पलीकडे जुनी नाणी आणि सोनं-चांदी घेणारं एक दुकान होतं. शनिवारी दुपारी एकची वेळ ठरली.

आता तो शनिवार. सकाळी आजी आणि नात दूध आणायला खालच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात गेल्या. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. दार आपोआप उघडतं, गाणं वाजतं, काउंटरवरचा मुलगा ओरडून स्वागत करतो आणि सासूबाई त्याला रोज "असू दे, असू दे" म्हणतात. नवरा सायकलच्या चाकात हवा भरायला गेलेला. घरात मी एकटी, समोर ते तीन डबे.

आणि माझं डोकं चालायला लागलं. त्या दुकानाचे फोटो मी पाहिले होते. पांढरे हातमोजे घातलेला म्हातारा, निळ्या मखमलीचा ट्रे. तिथे हे असलं काळं नेऊन ओतायचं? काय म्हणतील? ही इंडियन माणसं किती अस्वच्छ! पंधरा वर्षांत मला असं कुणी एकदाही म्हटलेलं नाही. पण कुणी म्हणायच्या आधीच मी घासून मोकळी होते, हा माझा स्वभाव. तिन्ही डबे चाळणीत ओतले, नवऱ्याचा जुना ब्रश घेतला आणि अर्ध्या तासात सत्तावीसच्या सत्तावीस असे चमकवले, की बाथरूममधला दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

आजी-नात परत आल्या. सासूबाई टेबलापाशी थबकल्या. "अगंबाई! किती सुरेख निघाले गं!" मी फुगले. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं असं तोंडभरून कौतुक कधी केलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि एकेक रुपया उलटून बघायला लागल्या. पहिला, दुसरा, दहावा. पुन्हा पहिल्यापासून.

"यातला डागाचा कुठाय?"

"कुठला डागाचा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आधी का नाही सांगितलं, देव जाणे. कदाचित मी विचारलंच नव्हतं.

"हे सगळे पाडव्याचे आहेत," त्या म्हणाल्या. "दर पाडव्याला एक. डागाचा तो पहिला. लग्नाला सहा महिने झाले होते, यांची नोकरी सुटलेली. घरातली चांदी माझ्या सासूच्या कुलपात. मी मनाशी म्हटलं, नुसतं ओवाळायचं, ताटात काही पडणार नाही. तर यांनी खिशातून रुपया काढला की! माझा हात इतका कापला, की निरांजनातली जळती वात त्याच्यावरच पडली. राजाच्या गालाला खरबरीत जळका डाग पडला तो पडलाच. विचारलं, कुठून आणलात? म्हणाले, तुला काय करायचंय, खणखणीत आहे."

पुढे सासऱ्यांना नोकरी लागली. मग दर पाडव्याला सराफाकडचा एक रुपया, पावतीसकट. सत्तावीस पाडवे. अठ्ठाविसाव्या पाडव्याला ते नव्हते.

"बाकीचे सव्वीस मोडा, मला काही नाही त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "तो एक तेवढा ठेवायचाय मला."

मी सासऱ्यांना पाहिलेलं नाही. आमच्या भिंतीवर त्यांचा एकच फोटो आहे, पगडी घातलेला आणि मिशा रंगवलेला, गणेशोत्सवातल्या हौशी नाटकातला. मी त्या फोटोकडे बघायचं टाळलं आणि धडधडीत खोटं बोलले. "असेल की त्यातच. घरात उजेड कमी आहे. दुकानात बघू."

मग सगळे रुपये घेऊन बाथरूममध्ये गेले, आतून कडी लावली आणि मोबाइलचा दिवा लावून एकेका राजाचा गाल तपासला. सत्तावीसही राजे नुकतीच दाढी करून आल्यासारखे गुळगुळीत. रडू आलं मला. एका बाईकडे नवऱ्याची एक खूण उरली होती आणि ती मी टूथपेस्टने पुसून बेसिनमध्ये सोडली होती.

नवरा परतला. टेबलावरचा लखलखाट पाहून त्याचा चेहराच पडला.

"तू घासलेस?" दबक्या आवाजात. "नाणी कधी घासायची नसतात! घासलं की जमवणाऱ्यांच्या लेखी ती मेली."

"मग काय घाण घेऊन जायचं होतं?"

"हो!"

मी त्याला डागाचंही सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता आईला सांगू नकोस." सोळा वर्षांच्या संसारात आमचं इतक्या पटकन एकमत कधी झालं नव्हतं.

ट्रेनमध्ये सासूबाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या, थैली दोन्ही हातांत धरून. आम्ही दोघं दोन बाजूंना, पोलिसांनी पकडून नेल्यासारखे.

दुकान फोटोत होतं तसंच. म्हातारा, हातमोजे, मखमल. जुनी चांदी द्यायची तर ओळखपत्र दाखवून फॉर्म भरावा लागतो. मी तो भरत होते. तेवढ्यात सासूबाईंनी नातीला पुढे केलं. "सांग त्यांना. सव्वीस मोडायचेत, एक ठेवायचाय."

लेकीने ताठ उभं राहून, शाळेत शिकवतात तसं वाकून, स्वच्छ जपानीत सांगितलं, "सव्वीस नाणी कृपया तोडून टाका."

म्हाताऱ्याने दोन्ही हात रुपयांवर पसरले, लेकरांना पाठीशी घालावं तसे. मग फार नम्रपणे म्हणाला, की क्षमा करा, तोडण्याची सोय आमच्याकडे नाही. मी फॉर्म टाकून धावले. मोडणं आणि तोडणं यांतला फरक त्याला सांगता सांगता मला घाम फुटला. शेवटी त्याला एवढंच समजलं, की आमच्याकडे चांदी विकताना वाईट वाटतं, म्हणून वेगळा शब्द वापरतात. त्याने मान डोलावली. हे त्याला पटलं.

भिंगाखाली त्याने पहिला रुपया धरला आणि दातांतून हवा आत ओढली. स्स्स. पंधरा वर्षांत मी इथे एक गोष्ट शिकले आहे. जपानी माणूस तोंडाने 'नाही' म्हणत नाही, 'स्स्स' करतो. आमचे मॅनेजर असं करतात तेव्हा आख्खं प्रोजेक्ट बुडालेलं असतं. दुसरा रुपया. स्स्स. पुढच्यांपैकी दोन त्याने वेगळे काढले आणि हळहळत म्हणाला, हे खरोखर दुर्मीळ सालचे. घासले नसते, तर... आणि कशाने घासले, असं त्याने मला विचारलं.

खोटं बोलून चाललं नसतं. मी म्हटलं, टूथपेस्टने.

त्याने डोळे मिटले आणि कुणाच्या मयताला वाकतात तसा खोल वाकला. नवरा छताकडे बघत होता. त्याचा 'ठेव'चा डबा रिकामा झाला होता. सगळे आता नुसती चांदी, तराजूवर घालायच्या लायकीचे.

"बरं, ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "इथे उजेड आहे. माझा डागाचा काढा बघू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनाशी म्हटलं, आता पुरे.

"आई, डाग नाहीये. मी घासला. मला माहीत नव्हतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजूच्या छोट्या खुर्चीवर टेकल्या आणि फक्त म्हणाल्या, "गेला?"

आणि मी त्या मखमली दुकानात हुंदके देऊन रडले. शरम वाटत होती, स्वतःचा राग येत होता, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती, की या बाईला मी आता काहीही दिलं तरी तो डाग परत देता येणार नाही. लेक माझा हात धरून उभी राहिली. म्हाताऱ्याला वाटलं, भाव ऐकण्याआधीच आम्ही खचलो. त्याने लगबगीने सगळ्यांसाठी चहा मागवला.

चहा येईपर्यंत तो आपला एकेक रुपया वजन करायला लागला. काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, नखाने टिचकी मारून कानाशी न्यायचा. टिण्ण. टिण्ण. एकोणिसाव्याला थांबला. पुन्हा काट्यावर ठेवला. पुन्हा टिचकी. बद्द.

त्याने तो रुपया वेगळ्या पांढऱ्या कागदावर ठेवला, दोन्ही हातांनी आमच्यापुढे सरकवला आणि एक लांबलचक वाक्य सुरू केलं, ज्यात पाच-सहा वेळा माफी होती. सांगायला अत्यंत अवघड वाटतं, पण हा एक चांदीचा नाही. हे सरकारी नाणंच नाही.

मी रडत रडत भाषांतर केलं.

"सराफाने फसवलं!" नवरा उसळला.

"सराफाने नाही." सासूबाई उठल्या. त्यांनी तो रुपया उचलला, दूर धरला, जवळ धरला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटायला लागलं, जे मी कधीच पाहिलं नव्हतं.

"अरे, त्या वर्षीच्या गणपतीत यांनी सावकाराचं काम केलं होतं," त्या म्हणाल्या. "तोच घरातला फोटो. कमरेला ही एवढी थैली. त्यातून रुपया काढायचे, टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, 'घे, खणखणीत आहे!' नाटकातला रुपया! यांनी नाटकातला रुपया घातला माझ्या ताटात!"

मग त्या दुकानाच्या छताकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी का होईना, सापडलात की नाही? सापडलात ना!"

आणि हसायला लागल्या. काउंटर धरून, पोट धरून, पदराने डोळे पुसत. नवरा हसता हसता रडायला लागला, मी रडता रडता हसायला लागले, लेकीला काही कळेना म्हणून तीही हसायला लागली. म्हातारा चहाचा ट्रे घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. एक नाणं खोटं निघाल्यावर इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.

दम खाऊन झाल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "वेडी कुठली, रडतेस काय? तू घासला नसतास, तर मी हा घरीच बाजूला काढला असता. काट्यावर गेलाच नसता. खिशात दमडी नसताना या माणसाने काय चोरून आणलं माझ्यासाठी, ते मला मरेपर्यंत कळलं नसतं." आणि त्यांनी माझे डोळे त्याच पदराने पुसले.

पुढचं झटपट झालं. काचेच्या कपाटात एक जुनं चांदीचं तबक होतं, काठावर उमेची, म्हणजे जपानी प्लमची, बारीक फुलं कोरलेली. सव्वीस रुपये आणि वर आमची थोडी भर घालून ते आमचं झालं. निघताना म्हाताऱ्याने त्या खोट्या रुपयाकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, हवं असल्यास याची विल्हेवाट आम्ही लावू का? इथे ही सेवा असते, टाकायच्या वस्तूंचा फार त्रास असतो ना.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी मूठ मिटली. "सांग त्याला, हा मोडायचा नाही."

लेकीने पुन्हा ताठ उभं राहून, वाकून सांगितलं, "हा कृपया तोडू नका."

या वेळी भाषांतर दुरुस्त करायला मी पुढे झाले नाही. म्हाताऱ्याने सासूबाईंच्या मुठीकडे पाहिलं आणि त्या मुठीला वाकून नमस्कार केला.

परतीच्या ट्रेनमध्ये नेहमीची चिडीचूप शांतता. कुणी फोनवर बोलत नाही, कुणी खोकलं तरी माफी मागतं. सासूबाईंनी मांडीवर तबक ठेवलं, त्याचा कागद सोडला आणि मूठ उघडून रुपया वरून टाकला.

बद्द.

सगळा डबा वळून बघायला लागला. एरवी मी दहा जणांना वाकून माफी मागितली असती. त्या दिवशी नाही मागितली.

"ऐकलंस?" त्या नातीला म्हणाल्या. "कसा खणखणीत वाजतो!" आणि रुपया उचलून त्यांनी पुन्हा टाकला.